विदरकूमचा पूर्वेकडचा पंख

विदरकूम हॉल, विल्टशर
३ फेब्रुवारी १७३८

लाडक्या फिलिपा आत्या,

तू लंडनला चित्रांच्या दुकानात बसून म्हणत असशील, खेड्यातल्या माणसाला कसला आलाय घोर! तर ऐक. जॉसलिनदादा माझं दूधघर पाडायला निघालाय.

बाबा गेले, दादा ‘सर जॉसलिन’ झाला, इटलीला जाऊन आला आणि येताना अकरा पेट्या चित्रं आणि एक दुखणं घेऊन आला. डावीकडे जे असेल तेच उजवीकडे हवं! पल्लाडियन पद्धत म्हणतात याला. मधल्या इमारतीला देवळासारखे सहा खांब लावून झाले. इटलीत त्यांच्याखाली लोक उन्हाचे बसतात म्हणे. आमच्याकडे मेंढ्या पावसाच्या उभ्या राहतात. मग पश्चिमेला पांढऱ्या दगडाचा लांबलचक पंख काढला, नऊ खिडक्यांचा. त्यात कोणी राहत नाही, कारण तिथली धुराडी धूर आतच सोडतात. स्वयंपाकघर इतकं दूर गेलंय, की रस्सा निघताना उकळत असतो आणि ताटात पडेपर्यंत त्याच्यावर चरबी थिजते.

आता त्याला पूर्वेलाही तस्साच पंख हवाय. आणि पूर्वेला आहे आईचं दूधघर, ती गेल्यापासून माझं. लाल विटांचं, वाकडं, तुझ्या लहानपणीचं. गायी टेकडीपलीकडच्या वाडीवर जाणार आणि मला खांबांमागची एक गारठलेली खोली भरतकामासाठी मिळणार. पुढच्या वर्षी मायकेलमसच्या सणाला, म्हणजे सप्टेंबरअखेर, गवंडी येतील.

हे खूळ नोव्हेंबरात लंडनहून आल्यावर उपटलं. देशातल्या मोठ्या घरांच्या चित्रांचं जे पुस्तक तुझ्या दुकानातून निघतंय, त्यात एका पंखाच्या घराला जागा नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं. कोणी, ते सांगत नाही. विचारलं की कान लाल होतात.

आत्या, बाकीच्या घरात मी जॉसलिनची बहीण असते. दूधघरात मी लेटिस असते. काहीतरी कर.

तुझी, ताकाने ओल्या हातांची,
लेटिस

लंडन, सेंट पॉलचं आवार
११ फेब्रुवारी १७३८

लेटिस पोरी,

तुझ्या पत्राला चीजचा वास होता. दुकानात गिऱ्हाईक असताना मी ते नाकाला लावून बसले होते.

असलं काही त्याला कोण बोललं असेल, देव जाणे. लंडनमध्ये आगाऊ माणसांना तोटा नाही. ते सोड.

तुला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. तुझे आतोबा जिवंत असते तर मला सांगू दिली नसती. ही पल्लाडियन घरं म्हणजे आम्हा कोरणाऱ्यांवर देवाची कृपा आहे. माझा माणूस जातो, अर्धं घर मोजतो, अर्धंच काढतो. मग कागदाची मधोमध घडी घालतो, मागून घासतो आणि उरलेलं अर्धं आपोआप उमटतं. त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं. जेवणाआधी अर्धं घर, जेवणानंतर घडी! तेव्हा माझ्या पुस्तकातले किती पंख दगडाचे आणि किती कागदाचे, हे मी फक्त शेवटच्या दिवशी वर विचारलं तर सांगेन.

तर दादाला म्हणावं, पंख बांधायला दोन वर्षं लागतील आणि पुस्तक पुढच्या वसंतात निघेल. आत्याला लिही, ती आधीच काढून देईल. मला पत्र लिहिताना त्याच्या बोटांना काटे टोचतील. टोचू देत.

एकदा पंख कागदावर उभा राहिला, की त्याला विटांची गरज आहे का ते बघू.

फिलिपा आत्या

विदरकूम हॉल
२७ फेब्रुवारी १७३८

मिसेस गॅरड यांस,

आपण प्रसिद्ध करीत असलेल्या ग्रंथात विदरकूम हॉलचा समावेश व्हावा, असे माझ्या अनेक मित्रांचे आग्रहाचे म्हणणे पडल्यावरून हे पत्र लिहीत आहे. पूर्वेकडील पंखाचे बांधकाम लवकरच सुरू होणार असल्याने तो चित्रात दाखवण्यास प्रत्यवाय नसावा.

गेल्या नोव्हेंबरात आपल्या दुकानात झालेल्या संभाषणाचा उल्लेख मी करू इच्छित नाही. तो आपणही करू नये.

जॉसलिन टॅरंट

लंडन
६ मार्च १७३८

सर जॉसलिन साहेब,

आपले अनेक मित्र आहेत, हे वाचून बरं वाटलं.

माझा माणूस, बार्नबी ट्यू, एप्रिलअखेर येईल. त्याला पोटभर जेवायला घाला. एकच गोष्ट आपल्याला ठरवायची आहे. घर अजून पुरं व्हायचं असेल तर चित्राखाली ‘जसे बांधण्याचे योजिले आहे’ असं कोरतो. अशी चित्रं पुस्तकाच्या शेवटी जातात, एका पानावर दोन-दोन, शेजारी बहुधा कोणाचा तरी तबेला असतो. ज्या घरांखाली ‘जसे आज उभे आहे’ असं लिहिलेलं असतं, त्यांना पुढे अख्खं पान मिळतं. मात्र मालकाने पहिल्या छापावर ‘हे बरोबर आहे’ असं लिहून सही करावी लागते. तो कागद आम्ही दुकानात जपून ठेवतो.

घाई नाही. तबेलेही चांगले असतात.

तुला लंगोटात पाहिलेली,
फिलिपा गॅरड

विदरकूम हॉल
२ मे १७३८

आत्या,

तुझे बार्नबी ट्यू आले आणि गेलेसुद्धा. माणूस लांबोळका, नाकावर शाई, आणि खाणं तर विचारूच नकोस. पहिल्या दिवशी त्यांनी साखळी टाकून मधला दरवाजा ते पश्चिमेचं टोक मोजलं आणि साखळी गुंडाळली.

दादा म्हणाला, “अहो, दुसरी बाजू? तिथे काय होणार ते तरी बघून घ्या!”

“छे छे, सर! आपल्यासारख्यांच्या घराची एक बाजू पाहिल्यावर दुसरी बघायला मागणं म्हणजे आपल्यावर अविश्वास दाखवणं.”

दादा दोन इंच उंच झाला. मी पळत दूधघरात गेले आणि लोण्याच्या मडक्यात तोंड घालून हसले.

दुपारी ट्यू तिथेच आले. अर्धं चीज संपवल्यावर भिंतीवर थाप मारून म्हणाले, “या भिंतीत एकही कोन सरळ नाही. फार छान आहे. हिला घडी घालता येणार नाही कोणाला.” आत्या, मला ते आवडलं. म्हणजे ते बोलणं.

पश्चिमेच्या पंखात मी टिबला शोधायला गेले होते. मांजरीला तिथला धूर आवडतो. तिसऱ्या खिडकीत मी तिला कडेवर घेऊन उभी राहिले, तेव्हा ते लॉनवर चित्र काढत होते. त्यांनी हात हलवला. मी नाही हलवला. थोडासाच हलवला.

लेटिस

लंडन
१५ जानेवारी १७३९

लेटिस,

गेल्या मार्चमध्ये तुझ्या दादाने मला उत्तरासाठी तीन आठवडेसुद्धा वाट पाहायला लावली नव्हती. ‘जसे आज उभे आहे’. एवढं एकच वाक्य, आणि खाली अशी दोनदा रेघ की कागद फाटला. आता पहिल्या छापावर सहीही आली, ‘हे बरोबर आहे’. कुलपात टाकली.

सोबत तुझ्यापुरता एक छाप पाठवतेय. भिंग घेऊन पश्चिमेची तिसरी खिडकी बघ. ट्यूने तुला मांजरीसकट काढलंय, गाढवाने. मग नेहमीप्रमाणे कागदाची घडी घातली. आता पूर्वेची तिसरी खिडकी बघ. तिथेही तू! टिबचा एका बाजूला डावा कान फाटका, दुसऱ्या बाजूला उजवा. मी ते पाहिलं तेव्हा तांबं कोरून झालं होतं. खोडता आलं असतं. खोडलं नाही. जो पंख नाहीच, त्यात निदान माणूस तरी ओळखीचं असावं.

ट्यूला विचारलं, खिडकीतल्या बाईची इतकी बारीक नक्षी कशाला? म्हणाला, प्रमाण कळावं म्हणून. तीस वर्षांपूर्वी तुझे आतोबा मला हेच म्हणाले होते. सांभाळून.

आत्या

विदरकूम हॉल
४ जून १७३९

आत्या, आग लागली!

पुस्तक आल्यावर दादा आठ दिवस ते बगलेत घेऊन फिरत होता. मग गवंड्यांचा मुकादम मायकेलमसचं विचारायला आला. मी तिथेच होते. भोळा चेहरा करून म्हटलं, “दादा, पंख उभा आहे असं तूच सही करून सांगितलंस. मग जे उभंच आहे ते पुन्हा बांधताना बघून लोक काय म्हणतील?”

दादाचा चमचा हवेतच राहिला. हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता! मुकादमाला म्हणाला, “नंतर कळवतो.” मला वाटलं, जिंकलो.

आणि काल थोरल्या लेडी पेवरिलची चिठ्ठी आली. अख्ख्या परगण्यात त्या म्हातारीच्या जिभेला घोडेसुद्धा घाबरतात. ‘पुस्तकात आपले घर पाहिले. गुरुवारी येते. विशेषतः पूर्वेचा पंख पाहायची इच्छा आहे.’

नाही म्हणायची सोय नाही. दादा खोलीत येरझाऱ्या घालतोय. मला म्हणाला, “लेटिस, तिला कळलं तर शुक्रवारी सकाळी मी दूधघराला कुदळ लावणार. अब्रू जायचीच असेल तर निदान पंख तरी पदरात पडू दे.” आत्या, तो हे रागाने बोलला नाही. रडवेला झाला होता. म्हणून मला जास्त भीती वाटतेय.

त्याने एक युक्ती काढलीय. ती इतकी मूर्खपणाची आहे की कदाचित चालेल.

लेटिस

विदरकूम हॉल
१२ जून १७३९

आत्या,

बस खाली. हातातली कोरणी ठेव.

दादाची युक्ती अशी. सकाळी म्हातारीला समोरून पश्चिमेचा पंख दाखवायचा. मग भरपेट जेवण. मग यूच्या झाडांच्या उंच कुंपणांतल्या वाटांनी तिला इतकं गरगर फिरवायचं की दिशेचं भान जाईल. आणि मग दुसऱ्या टोकाने आणून तोच पंख पूर्वेचा म्हणून पुन्हा दाखवायचा! डावं-उजवं सारखंच, तर कळणार कसं? फक्त ऊन नको होतं, आणि ढगांची वाट विल्टशरमध्ये बघावी लागत नाही. माझं काम एकच, टिबला कोंडून ठेवायचं.

लेडी पेवरिल आल्या. एवढ्याशा, काठीच्या आधाराने चालणाऱ्या, पिवळे हातमोजे घातलेल्या. पश्चिमेची एकेक खिडकी त्यांनी बोट लावून मोजली. जेवल्या. कुंपणातून दादा त्यांना घेऊन फिरला, तीन वेळा डावीकडे, दोनदा मागे. इतका की शेवटी तो स्वतःच चुकला आणि मला खोकून वाट दाखवावी लागली.

“आणि हा,” दादा घाम पुसत म्हणाला, “आमचा पूर्वेचा पंख.”

म्हातारी बघत राहिली. “अगंबाई! काय जुळवणी आहे, सर जॉसलिन! खिडकीला खिडकी, धुराड्याला धुराडं.” मग काठीने तिसऱ्या खिडकीच्या कट्ट्याकडे दाखवलं. “आणि माझ्या हातमोज्याला हातमोजासुद्धा!”

कट्ट्यावर पिवळा हातमोजा होता. तिने सकाळीच मुद्दाम ठेवला होता, आत्या! आणि दिवसभर एक हात शालीखाली लपवून जेवली होती.

मला वाटलं, संपलं. डोळ्यांपुढे कुदळ दिसली. म्हातारी म्हणाली, “चला, आता तुम्ही जे लपवताय ते दाखवा. मघापासून मला कुठूनतरी ताज्या चीजचा वास येतोय आणि तुम्ही मला झुडपं दाखवताय.”

मग काय! नेलं दूधघरात. उपड्या बादलीवर बसल्या आणि हात पुढे केला. मी चीजचा तुकडा कापून दिला. दादा दारात उभा, सुळावर चढवायला आणल्यासारखा. दुसरा तुकडा संपल्यावर म्हातारीने पुस्तक मागवलं आणि आमचं पान उघडलं.

“हे बघ पोरी. मांजर दोन, फाटके कान दोन, एक डावा, एक उजवा. याला घडी म्हणतात. आता माझं पान काढ.”

लेडी पेवरिलचं घर! मोठ्ठं, दोन्ही पंख पसरलेले. आणि प्रत्येक पंखाच्या टोकाला एकेक कुत्रा, खांबाशी पाय वर करून.

“तो आमचा सीझर,” म्हातारी म्हणाली. “जन्मभर एकटाच होता बिचारा. आणि पायही एकच वर करायचा, डावा.”

“म्हणजे... तुमच्याकडेही...” दादा पुटपुटला.

“माझ्या उजव्या पंखात सव्वीस बदकं राहतात. अंडी देतात. डाव्या पंखात माझी सून राहते, ती काही देत नाही.” मग त्यांचा आवाज बदलला. “हे बघा, सर जॉसलिन. तुमच्याकडे गवंडी येणार असं ऐकलं, म्हणून मी या वयात दोन तास गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली. जे उभं आहे असं छापलंय ते तुम्ही बांधायला काढलंत, की लोक खो खो हसतील. ते चालेल, तुमचं तुम्ही बघा. पण मग हरेक जण पुस्तक बगलेत मारून दुसऱ्यांच्या घरी खिडक्या मोजत फिरेल आणि थेट माझ्या बदकांपर्यंत येईल. तेव्हा गवंडी परत. कायमचे.”

“परत,” दादा म्हणाला.

“आणि हे पाडायचं नाही. मी पुन्हा येणार आहे.”

आत्या, ती गेल्यावर मी चीजच्या फळीला धरून ढसाढसा रडले. दादाने बघितलं. जाताना बादली सरळ करून गेला.

रात्री तुझ्या पुस्तकातली सगळी पानं भिंगाखाली घातली. एका घरी एकच माळी दोन कोपऱ्यांत दोन झारे घेऊन उभा आहे. एका बिशपच्या घरी दोन मोलकरणी दोन खिडक्यांतून एकसारखी घाण पाण्याची बादली ओततायत. आत्या, या देशात अर्धी घरं तरी पुरी आहेत का?

आनंदाने वेडी झालेली,
लेटिस

लंडन
२३ जून १७३९

लेटिस,

तुझं पत्र ट्यूला वाचून दाखवलं. हसता हसता त्याने शाईची दौत उपडी केली.

मग तो गेला आणि मी एकटीच बसले. तुला एक सांगायचंय. दीड वर्ष लपवलं.

एका पंखाच्या घराला पुस्तकात जागा नाही, असा नियम कधीच नव्हता. ते मी बोलले. नोव्हेंबरात जॉसलिन दुकानात आला. बरोबर दोन बडे मित्र होते. माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, मालक कुठे आहेत?” जसं काही मला कधी पाहिलंच नाही! तुझा बाबा गेला तेव्हाही असंच. माझ्या सख्ख्या भावाच्या मयतीला मी भाड्याच्या गाडीने आले, तर कोरणाऱ्याची बायको म्हणून मला स्वयंपाकघरात बसवलं. तिथून उठवून तुझ्या आईने मला दूधघरात नेलं, दूध गरम करून दिलं. तेवढं फक्त तिने केलं.

तर त्या दिवशी दुकानात माझ्या जिभेवर सैतान बसला. त्याच्या मित्रांसमोर मी म्हटलं, “मालकीण मीच. आणि लंगडी घरं आम्ही छापत नाही.” सगळे हसले. मला फार बरं वाटलं. तो घरी जाऊन त्यापायी दूधघरच पाडायला निघेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं.

मारलेला टोमणा कागदावरून खोडता येतो, पोरी, माणसावरून नाही. मी तुझं दूधघर वाचवलं नाही. मीच लावलेली आग विझवली, तीही दुसऱ्याच्या पाण्याने. रागाव माझ्यावर.

फिलिपा

विदरकूम हॉल
१ सप्टेंबर १७३९

मिसेस गॅरड यांस,

ग्रंथातील चित्राबद्दल सर्वत्र समाधान व्यक्त होत आहे. घराच्या वैभवात आपल्या हातून भर पडली असल्याने, मायकेलमसच्या सुमारास आपण काही दिवस येथे यावे, असे निमंत्रण देणे मी कर्तव्य समजतो.

आपली राहण्याची व्यवस्था पूर्वेकडील पंखात करण्यात येईल. तो आपणच उभारला असल्याने त्याची ऊब व ऐसपैसपणा आपणास ठाऊक आहेच.

लेटिसच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःहून लिहितो: स्वयंपाकघरात बसवण्यात येणार नाही.

आपला भाचा,
जॉसलिन

विदरकूम हॉल
५ सप्टेंबर १७३९

आत्या,

तुझं जूनचं पत्र वाचून मी तुझ्यावर खरंच रागावले. उत्तर द्यायला अडीच महिने लागले ते त्यामुळेच. सव्वा वर्ष मी रोज सकाळी उठले की आधी त्या भिंतीला हात लावून बघायची, आहे ना अजून म्हणून. ते तुझ्यामुळे! मग एके दिवशी ते पत्र मी दादापुढे टाकलं. त्याने वाचलं, दोनदा. मग म्हणाला, “मी खरंच ‘बाई’ म्हणालो होतो का गं?” म्हटलं, “म्हणाला असशीलच.” त्यानंतर चार दिवस पत्र लिहून फाडत होता. जे तुला मिळालं ते आठवं.

त्याला वाटतंय, पूर्वेच्या पंखाचा टोला आपण फार झकास हाणलाय. वाटू दे. मी दूधघराच्या माळ्यावर खाट लावली. खाली दूध तापतं, म्हणून अख्ख्या विदरकूममध्ये हीच एक खोली उबदार आहे. खाट नेताना दादाने जिन्यात अडवलं.

“ही कुठे चाललीय?”

“पूर्वेकडच्या पंखात.”

तो आत गेला आणि स्वतःच्या पलंगावरची पिसांची रजई आणून माझ्या डोक्यावर ठेवली.

तर ये. ट्यूंनाही आण, इथे मोजायचं बरंच राहिलंय. आणि तुला शिक्षा आहेच. आहेस तोवर रोज सकाळी फळीवरची सगळी चीजं तू उलटी करायचीस, एकूण एकतीस. इथे एक बाजू झाली म्हणून घडी घालून भागत नाही. दुसरी बाजू खरोखरची असते.

वाट बघणारी,
लेटिस